आईला पाठीवरून नेणारी माणसं

दादा अरुणाचलात नोकरीला लागला तेव्हा जिंतूरच्या आमच्या गल्लीत कुणालाच ते नाव नीट घेता येत नव्हतं. वडील महादेवाच्या देवळात पूजेला होते. देवळात आलेल्या कुणी विचारलं की ते "आसामच्या बी पलीकडं" एवढंच सांगत आणि घंटा पुसायला लागत. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ओव्हरसियरचं शिकून तो सरकारी रस्त्याच्या कामावर गेला होता. डोंगर फोडून रस्ता करायचा, पावसानं तो दरीत नेला की पुन्हा करायचा, असं ते काम. त्याचं पत्र यायला तीन आठवडे लागत. चार वर्षांत तो एकदाच घरी येऊन गेला होता.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या एका चैत्रात त्याचं पत्र आलं. मी तेव्हा जिंतूरजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर शिक्षिका होते, लग्न व्हायचं होतं. आईला वाचता येत नसे, म्हणून पत्रं मीच मोठ्यानं वाचून दाखवायची. त्या दिवशी मधल्या दोन ओळी मी गाळल्या. आईनं पत्र माझ्या हातातून घेतलं, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "इथं तू अडखळलीस. काय लिवलंय इथं?" लिहिलं होतं की हिवतापानं दोन महिने अंथरुणात होतो, आता बरा आहे, काळजी नसावी.

पाचव्या दिवशी तिनं वडलांना सांगून टाकलं की शाळेला सुट्टी लागली की ती मला घेऊन दादाकडं जाणार. वडलांना पूजा सोडून येता येणार नव्हतं. परभणीच्या पुढं ती स्वतः कधी गेली नव्हती. वडील म्हणाले, तिकडची माणसं कशी असतील, काय खात असतील, आपल्याला काय ठावं. आमच्या घरात मांसमच्छी नव्हती, आईचं सोवळंही कडक होतं. आई म्हणाली, "माझं लेकरू तिथं चार वर्सं जगायलंय की." मग वडलांनीच दादाला तार केली, बाहेरच्यांना तिकडं शिरायला लागतात त्या परवान्याचे कागद त्यानं पाठवले, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही दोघी निघालो.

सेलूपर्यंत एसटी, सेलूहून छोट्या लाइनीच्या गाडीनं मनमाड, मनमाडहून कलकत्ता, तिथून गुवाहाटी आणि पुन्हा एक छोटी लाइन. सहा दिवस लागले. दशम्या तिसऱ्या दिवशी संपल्या, ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी दादासाठी बांधून ठेवली होती तिला आईनं हात लावू दिला नाही. मी शाळेत शिकवणारी, पण डब्यात बोलायची ती आईच. तिला हिंदी येत नव्हती. तिला येत होती ती दखनी, आमच्या शेजारच्या पिंजाऱ्याच्या घरातल्या खालाकडून ओट्यावर बसून वीस वर्षांत उचललेली. "कायकू", "नक्को", "हौ" असं करत तिनं बिहारमधल्या एका म्हातारीशी अख्खा दिवस सुना आणि सांधेदुखी यांवर गप्पा मारल्या. मला लाज वाटत होती. पुढं त्याच बोलीनं आम्हाला तारलं, हे तेव्हा मला कळायला मार्ग नव्हता.

नॉर्थ लखीमपूरच्या स्टेशनावर दादा उभा होता. आधी मी त्याला ओळखलंच नाही. गालफडं वर आली होती, डोळे पिवळट होते. आईनं त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि लगेच पिशवी उघडून चटणीचा डबा वर काढून ठेवला, जणू तिथंच जेवायला वाढणार होती.

दुसऱ्या दिवशी बस डोंगरात शिरली. चौकीवर परवाने पाहिले गेले आणि त्यानंतर सपाट जमीन म्हणून दिसली नाही. आमच्याकडं त्या दिवसांत विहिरी तळाला गेलेल्या, गुरांना चारा नाही. इथं दगडालाही शेवाळ आलं होतं. दिवसाअखेरीस आम्ही झिरो नावाच्या पठारावर पोचलो. सगळीकडं डोंगर आणि मधे ताटासारखी भातखाचरं. बायका ओळीनं रोपं लावत होत्या आणि त्याच पाण्यात माशांची पिल्लं सोडलेली होती. हे अपातानी लोक, दादानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ट्रकनं पठार ओलांडून पलीकडच्या उतारावर गेलो, तिथं वस्ती निशी लोकांची. भाषा वेगळी, घरं वेगळी, कपडे वेगळे. मी शाळेत मुलांना नकाशावर त्या प्रदेशाचा एकच रंग दाखवत असे.

दादाचा कॅम्प म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या, एका ओढ्याच्या वर. आईनं पहिल्या दिवशी चूल मांडली, दुसऱ्या दिवसापासून दादाला भाकरी मिळायला लागली. आठ दिवसांत त्याच्या तोंडावर जरा तेज आलं. वाटेत एकदा धिप्पाड काळं जनावर उभं होतं, मिथुन म्हणतात त्याला. आईनं गाईच्या जातीचं समजून त्याला हात जोडले. इथं सणाला ते कापतात, हे दादानं तिला सांगितलं नाही.

कॅम्पच्या वर, चढावर, एक लांबच लांब बांबूचं घर होतं. एका घरात पाच चुली, पाच कुटुंबं. त्या घरातला म्हातारा रोज सकाळी खाली येऊन आमच्या दाराशी बसायचा. केसांचा बुचडा कपाळावर बांधलेला, डोक्याला वेताची टोपी, कमरेला लांब सुरा. पहिल्यांदा मी घाबरून आत गेले. आईनं त्याला भाकरी दिली आणि वर ठेचा. ठेचा त्याला इतका आवडला की दुसऱ्या दिवशी तो आलं आणि कसलीशी रानभाजी घेऊन आला. आई त्याला भाऊ म्हणायला लागली. तो बाजारात आणि कॅम्पात शिकलेली मोडकी हिंदी बोलायचा, आई दखनी. "हम कल आयेगा," तो म्हणायचा. "हौ, आना," आई म्हणायची. व्याकरणाची फिकीर दोघांनाही नव्हती, त्यामुळे त्यांचं माझ्यापेक्षा बरं जमायचं. त्याची बायको वारली होती आणि धाकटी लेक दोन डोंगर पलीकडं दिली होती, हे आईला चार दिवसांत कळलं. दादाला चार वर्षांत कळलं नव्हतं.

बाराव्या दिवसापासून पाऊस लागला. दोन दिवस तो थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे निरोप आला की पुढं सहा मैलांवर दरड कोसळली आहे आणि पलीकडं मजूर अडकले आहेत. दादा आपली माणसं घेऊन गेला. दुपारी त्याच्या पाठीमागं आणखी एक दरड आली आणि तो पलीकडंच राहिला. दरडीपलीकडून हाका मारून आलेल्या निरोपावरून तो सुखरूप आहे एवढं कळलं, पण इकडं येण्याची वाट उरली नव्हती. झिरोकडच्या रस्त्याचंही तसंच झालं होतं, तीन ठिकाणी.

त्याच दुपारी आई ओढ्यावरून कळशी घेऊन येताना घसरली. मी धावले तेव्हा ती पायरीवर बसली होती आणि उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. ती ओरडली नाही. "हाड गेलं," एवढंच म्हणाली. कॅम्पवर स्वयंपाकी आणि एक तापानं फणफणलेला कारकून, बाकी कुणी नाही. मी चोवीस वर्षांची बाई तिथं आईचं डोकं मांडीवर घेऊन पावसात बसले आणि मला काही म्हणता काही सुचेना.

म्हातारा कसा आला मला माहीत नाही. स्वयंपाक्यानं हाक दिली असावी. त्यानं पाय पाहिला, वर जाऊन दोन माणसं आणि त्याच्या घरातली एक बाई घेऊन आला. बाईनं आईचे खांदे धरले, त्यानं पाय ओढून सरळ केला, आणि बांबूच्या कामट्या आणि झाडाची साल लावून असा घट्ट बांधला की पुढं झिरोच्या डॉक्टरांनी तो सोडताना दोनदा निरखून पाहिला. आईला त्यांनी उचलून वर आपल्या घरात नेलं. रस्ता नाही, गाडी नाही, दवाखाना झिरोला. म्हातारा म्हणाला, "हम लोग ले जायेगा." मला वाटलं तो उगाच धीर देतोय.

त्या घरातली ती संध्याकाळ मला तपशिलासकट आठवते. चुलीवर टांगलेलं मांस धुरात वाळत होतं, खाली डुकरं हिंडत होती. आईनं दिवसभर काही खाल्लं नव्हतं. आपण इथलं काही खाणार नाही असं ती माझ्या कानात म्हणाली. मी ते कसं सांगायचं याच्या विचारात होते. पण खांदे धरणाऱ्या त्या बाईनं बारा दिवस खाली कॅम्पात काय शिजतं ते पाहिलं होतं. ती बाहेर गेली, हिरवा बांबू तोडून आणला, त्याच्या नळीत तांदूळ आणि पाणी घातलं आणि आमच्या समोर विस्तवात भाजला. ज्या भांड्याला कधी काही लागलेलं नाही असं भांडं तिनं तोडूनच आणलं होतं. नळी फोडून तिनं भात केळीच्या पानावर ठेवला आणि आपले हात धुतलेले आईला दाखवले. आई बराच वेळ त्या हातांकडं पाहत राहिली. मग जेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. त्यांनी वेताची आणि बांबूची एक बैठक विणली होती, पाठीवर घ्यायची, तिचा पट्टा कपाळावरून. आई पाठीला पाठ लावून मागं तोंड करून बसली. चार जण आळीपाळीनं तिला घेत, म्हातारा पुढं सुऱ्यानं वाट मोकळी करी. मी मागून चालत होते. जळवा पायावरून वर चढत, घसरून मी किती वेळा पडले त्याला गणती नाही. आईला पाठीवर घेतलेला माणूस मात्र एकदाही घसरला नाही. अवघड उतारावर तो पायाची बोटं मातीत रोवायचा, थांबायचा, मग दुसरं पाऊल. आईचं तोंड माझ्याकडं होतं. वेदनेनं पांढरं पडलेलं, पण मी पडले की ती मलाच सांगायची, बघून चाल.

दुपारी एका खिंडीत टेकलो. मी म्हाताऱ्याजवळ गेले. माझ्या पुस्तकी हिंदीत मी म्हणाले की आमच्यासाठी तुम्हाला फार त्रास झाला, आम्ही तर परके लोक. त्याला ते कळलंच नसावं असं वाटलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. त्यानं विचारलं,

"तुम लोग का गाँव में आदमी गिरता, तो उठाता नहीं?"

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी 'उठाते हैं' म्हणणार होते. त्याआधी आईनं उत्तर दिलं, कामट्या बांधलेला पाय पुढं पसरून, दगडाला टेकून बसल्या बसल्या.

"उठाते, भाऊ. सब्बको नै उठाते."

ती कशाबद्दल बोलत होती ते मला ठाऊक होतं. मी स्वतः शाळेत शिकत होते तेव्हाची गोष्ट. विद्यापीठाला नाव देण्याचा ठराव झाला आणि आमच्या भागात दलितांची घरं जाळली गेली. एका सकाळी शेजारच्या खेड्यातली तीन कुटुंबं डोक्यावर भांडी घेऊन आमच्या देवळावरून चालली होती. त्यांच्यातली एक म्हातारी देवळासमोर रस्त्यात मटकन बसली. आई दारात उभी होती, मी तिच्या मागं. गल्लीतली सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात माणूस होतं. कुणी खाली उतरलं नाही. वडलांनी आईला आत बोलावलं आणि ती आत आली. म्हातारीला तिच्याच माणसांनी उठवलं. आमच्या घरात त्यावर नंतर कधी एक शब्द निघाला नव्हता. आठ वर्षांनी तो निघाला तो त्या खिंडीत, दखनीत, एका निशी म्हाताऱ्यापुढं.

त्यानं मान हलवली. त्याला काय समजलं कोण जाणे. त्यांच्या डोंगरांतही भांडणं होती, वैरं होती, हे मला नंतर कळलं. तो उठला आणि पट्टा या खेपेला स्वतःच्या कपाळावर घेतला. बाकीचे नको म्हणत होते. त्याचं वय साठीच्या पुढं असेल. पुढच्या चढापर्यंत आईला त्यानं नेलं.

रात्री एका ओळखीच्या घरी थांबून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगराच्या धारेवर पोचलो. तिथून पुढं अपातानींचं जंगल सुरू होत होतं. दोन्ही लोकांत जुनी भांडणंही होती आणि घराघरांची पिढीजात दोस्तीही. म्हाताऱ्याच्या अशाच दोस्ताकडं आदल्या दिवशी निरोप गेला होता. धारेवरून त्यानं लांब हाक दिली, खालून झाडीतून उत्तर आलं, आणि थोड्या वेळानं सहा अपातानी पुरुष वर आले. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांबरोबर तांदळाची दारू घेतली, आईला आणि मला बिनदुधाचा चहा दिला. मग बैठक एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर गेली. आईनं म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले. तिला दखनीतला शब्द सापडेना, म्हणून मराठीतच म्हणाली, "माझ्या पाठच्या भावानं केलं नसतं एवढं." तो हसला आणि आपली माणसं घेऊन आल्या वाटेनं परत फिरला. मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

झिरोच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर लागलं. दादा सहाव्या दिवशी आला, अंगभर चिखल, आणि आईला पाहून लहान मुलासारखा रडला. डॉक्टरांनी दीड महिना हलू नका म्हणून सांगितलं. मी शाळेला रजेची तार केली. तो दीड महिना आम्ही त्या सहा जणांपैकी एकाच्या घरी राहिलो. त्याची आई आमच्या आईच्याच वयाची. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत आणि हनुवटीवर निळं गोंदण, नाकपुड्यांत काळ्या लाकडाच्या चकत्या. पहिल्या दिवशी दोघी एकमेकींकडं चोरून पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी त्या बाईनं आईच्या कपाळावरचं आणि दंडावरचं हिरवं गोंदण बोटानं चाचपलं, आणि खुणेनं विचारलं, दुखलं होतं का. आईनं डोळे मोठे करून दाखवलं, लय. मग त्या बाईनं स्वतःचं नाक दाखवून त्याहून मोठे डोळे केले. त्यानंतर त्यांना बोलायला कुठल्याच भाषेची गरज पडली नाही. रोज दुपारी शेतातून आली की ती आईजवळ बसायची. आई तिला वाती वळायला शिकवायची, कशासाठी ते न सांगताच, आणि ती आईला बांबूच्या पट्ट्या विणायला. राखेपासून केलेलं तिचं मीठ आईला इतकं आवडलं की निघताना तिनं त्याची पुडी मागून घेतली.

श्रावण लागायच्या आत आम्ही जिंतूरला पोचलो. आई थोडी लंगडत चालायची, ती अखेरपर्यंत. वडलांनी सगळं ऐकून घेतलं. बांबूतल्या भाताचं ऐकताना ते मान खाली घालून बसले होते. खिंडीतलं बोलणं आईनं त्यांना सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

ती एकदम बदलली असं मी म्हणणार नाही. सोवळं तसंच राहिलं. पण दोन वर्षांनी, पेरणीच्या दिवसांत, दलित वस्तीतली एक मजूर बाई बैलगाडीवरून पडली आणि देवळासमोर हात धरून बसली. माणसं जमली आणि लांबून बोलत राहिली. आई लंगडत खाली उतरली, तिला बखोटीला धरून उठवलं आणि देवळाच्या ओट्यावर नेऊन बसवलं. घरातली छत्रीची काडी काढून तिनं तिचा हात बांधला, अगदी तसाच, घट्ट. मग वडलांकडं पाहून पाणी आणा म्हणाली. वडील क्षणभर उभे राहिले. मी दारात होते. मला वाटलं ते तिला आत बोलावतील. ते आत गेले आणि तांब्या भरून घेऊन आले. त्यावरून गल्लीत महिनाभर बोलणं झालं, काही घरांनी देवळात येणं सोडलं, काही नंतर परत आली. वडलांनी पूजा रोजच्यासारखीच चालू ठेवली.

दादाची बदली झाली ती विद्यापीठाचं नामांतर अखेर झालं त्याच्या आदल्या वर्षी. निघण्याआधी तो मुद्दाम त्या चढावरच्या घरी गेला होता. म्हातारा खूप थकला होता, चुलीजवळच बसून असायचा, माणसंही नीट ओळखत नव्हता. दादानं आपली ओळख सांगितली, रस्त्याच्या कामाची, कॅम्पची. त्याला आठवेना. मग दादा म्हणाला, ज्या बाईचा पाय मोडला होता तिचा मी मुलगा. तेव्हा म्हाताऱ्यानं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "माँ चलता है?"

दादा म्हणाला, चालते. रोज सकाळी देवळाच्या पायऱ्या चढते. म्हाताऱ्यानं ते घरातल्या सगळ्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं, एकेका चुलीपाशी बसलेल्याचं नाव घेऊन.